हॅपी व्हॅली की ‘चौसष्ट नंबर’?

केनियातल्या ‘व्हाइट हायलँड्स’चा, म्हणजे ब्रिटिश राजवटीत गोऱ्यांसाठी राखलेल्या उंचावरच्या शेतजमिनींचा, विषय निघाला की लोक हटकून वांजोही दरीवर येतात. अबरडेअर डोंगराशेजारची ही ‘हॅपी व्हॅली’. विलायतेतले सरदार, पार्ट्या, लफडी आणि १९४१ साली झालेला त्यांच्यातल्याच लॉर्ड एरॉलचा खून. वाचायला चटकदार, पण माणसं मूठभर.

मला त्यापेक्षा याच हायलँड्समधलं वासिन गिशूचं पठार भावतं. १९०८ मध्ये म्होरके फान रेन्सबर्ग यांच्यासोबत अडीचशेच्या वर बोअर (दक्षिण आफ्रिकेतली डच वंशाची) माणसं बोटीने मोम्बासाला उतरली, रेल्वेने नाकुरूपर्यंत गेली आणि पुढे बैलगाड्या. चढणीचा, चिखलाचा रस्ता. पोस्ट निघालं ते ६४ नंबरच्या शेतावर, म्हणून पठारावरच्या एल्डोरेट गावाला ‘सिक्स्टी-फोर’च म्हणायचे, स्थानिकांच्या तोंडी त्याचं ‘सिसिबो’ झालं. बँकेची तिजोरी गाडीवरून पडली, ती हलेना, म्हणून तिच्याभोवतीच बँक बांधली असं सांगतात. खरंखोटं देव जाणे!

दरीत पेला, पठारावर नांगर, इतका फरक. जमीन मात्र दोन्हीकडे दुसऱ्यांकडूनच घेतलेली. पठारावर आधी मासाई आणि नांदी जमातींची गुरं चरत. १९१८ च्या कायद्याने गोऱ्यांच्या शेतावर राहणाऱ्या आफ्रिकन कुटुंबांना वर्षातले किमान १८० दिवस मालकासाठी राबणं भाग पडलं. आपले भारतीय दुकानदार? त्यांनी गावात दुकान खुशाल थाटावं, पण हायलँड्समधली शेतजमीन घ्यायची सोय नव्हती. ब्रिटिश सरकारच्या १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेनेही ती दारं बंदच ठेवली.