मरखा व्हॅली ट्रेक: एकाच घोड्याचे पैसे दोनदा

लडाखमधल्या मरखा व्हॅलीचा ट्रेक एखाद्या ग्रुपबरोबर करायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आयोजकाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पद्धत मात्र सगळी सांगते.

'लेह ते लेह, सगळं धरून' असा भाव होता: गाडी, होमस्टे, घोडे, गाइड, हेमिस नॅशनल पार्कची फी. पूर्ण रक्कम निघण्याआधी, तीही त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक अंगठा.

लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानाने उतरल्यावर विरळ हवेची सवय होईपर्यंत, निदान दोन दिवस, तिथे गपचूप पडून राहायचं असतं. आम्हाला दुसऱ्याच सकाळी गाडीत कोंबलं, चिलिंगला, जिथून चालायला सुरुवात होते तिथे न्यायला. विचारलं तर उत्तर तयार, "चिलिंग लेहपेक्षा खालीच आहे की!" आहेच. पण तिथून पुढे चढच आहे, आणि हॉटेलच्या वाचलेल्या रात्रीचे पैसे कुठे गेले ते सांगायला नको. एक मुलगी मरखा गावापर्यंत उलट्या करत आली.

मरखात होमस्टे पाळीने मिळतात. आलेला ग्रुप ज्या घराची पाळी त्या घरी. आमच्या घरी एक आजीबाई होत्या, सगळे त्यांना आमा-ले म्हणत. कप अर्धा झाला की लोणी घातलेला खारा चहा पुन्हा काठोकाठ. जेवणानंतर त्यांनी नातवाची चौकटीची वही काढली. आमच्या आयोजकाच्या नावापुढे मागच्या सीझनची माणसं मांडलेली, पैशांचा रकाना कोरा. "हर बार बोलता है, अगली बार," एवढंच म्हणाल्या. पाळीमुळे उधारी एका घरात साचत नाही, गावभर पसरते, त्यामुळे बोंब होत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

पुढचा डाव हंकार गावात. घोडेवाल्याने सॅक उतरवल्या आणि शांतपणे सांगितलं, पैसे इथपर्यंतचेच मिळालेत. पुढे निमालिंगचा मुक्काम, मग ५,२०० मीटरच्या वरची कोंगमारू ला खिंड. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालतच नाही, आणि आमच्या पोस्टपेडवाल्यांनाही तिथे रेंज नव्हती. एटीएम राहिलं लेहला. भांडायचं तर कुणाशी? आमच्यातले काही जण घोडेवाल्यावरच खेकसले, ते मला अजिबात पटलं नाही. त्याने जनावरं फुकट का हाकावीत? गाइड म्हणून दिलेला पोरगाही बिनपगारीच होता. शेवटी सगळ्यांनी खिसे उलटे केले आणि निघालो. पलीकडे चोकदोला, ट्रेक संपतो तिथे, ठरलेली गाडी आलीच नाही. तिथे मिळालेल्या टॅक्सीचं भाडं युनियनच्या दरपत्रकाप्रमाणे होतं, म्हणून निदान तिथे तरी कापले गेलो नाही.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, आधी घोडेवाल्याचा आणि लेहमधल्या माणसाचा नंबर मागा, स्वतः फोन करा आणि त्याच्या हातात किती पैसे पडलेत ते विचारा. नंबर द्यायला का-कू झाली तर तिथेच थांबा. होमस्टेचे पैसे पॅकेजमध्ये धरू देऊ नका. रात्रीचं जेवण, नाश्ता आणि वाटेतला डबा धरून माणशी दर असतो, तो घरातच रोख द्यावा. आणि कुणी स्टोक कांगरी शिखर विकत असेल तर त्याच्याशी पुढे बोलूच नका. पाण्याच्या आणि हिमनदीच्या काळजीपोटी स्टोकच्या गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन ते शिखर २०२० पासून चढाईसाठी बंद केलंय. तरी ते दाखवून आगाऊ रक्कम घ्यायची आणि लेहला पोचल्यावर 'त्याऐवजी कांग यात्से शिखर करू, थोडे जास्त पडतील' म्हणायचं, हा जुना खेळ आहे.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. आम्हाला रेंज मिळेपर्यंत आमचे पैसे त्याच्या खात्यातून पुढे सरकले होते.

त्याचं पेज आता नव्या नावाने चालू आहे. सध्या चादर ट्रेकचं, म्हणजे गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या ट्रेकचं, बुकिंग घेतोय, पूर्ण रक्कम आधी. निमालिंगचा फोटो तिथेही लावलाय. उजवीकडची लाल टोपी माझी.