हरवलेली ऊर्जा: परतलेला प्रकाश मोजावा की आतले क्ष-किरण?

5 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लक्ष्यावर 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जा पडली आणि अणुकेंद्रांच्या संमीलनातून 3.15 मेगाज्यूल मिळाली. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. तिथे लेसर एका पोकळ नळकांड्यात शिरतो, आत क्ष-किरण तयार होतात आणि ते इंधनाची गोळी दाबतात. पण मधल्या वाटेत किती सांडली, हे मोजायचं कसं? उपकरण निवडायचं असेल तर मुख्य वाटा दोन.

पहिली, परत फिरलेला प्रकाश पकडण्याची. ज्या भिंगातून किरण आत गेला, त्यातूनच उलट येणारा प्रकाश कॅलरीमीटरवर, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणावर, घ्यायचा आणि भिंगाच्या आजूबाजूला विखुरलेला एका पडद्यावर टिपायचा. शिवाय वर्णपटमापक हवाच, कारण इथे रंग बोलतो. लेसर 351 नॅनोमीटरचा. प्रकाश जवळपास त्याच तरंगलांबीला परतला तर ते ब्रिल्वाँ प्रकीर्णन (प्रकाश विखुरण्याचा एक प्रकार), लाल बाजूला, म्हणजे लांब तरंगलांबीकडे, बराच सरकला तर रामन. रामन जास्त घातक, कारण त्यात अतिवेगवान इलेक्ट्रॉन तयार होतात आणि ते इंधन दाबलं जाण्याआधीच तापवू शकतात. नुसता कॅलरीमीटर हा फरक सांगणार नाही. अडचण एवढीच की 192 किरणांपैकी प्रत्येकामागे असा संच नसतो. मोजलेल्यांवरून बाकीच्यांचा अंदाज बांधावा लागतो.

दुसरी वाट 'दांते' या उपकरणाची. गाळण्या आणि क्ष-किरण टिपणारे डायोड जोडलेल्या 18 वाहिन्या सोन्याच्या पोकळ नळकांड्याच्या तोंडातून आत डोकावतात आणि क्ष-किरणांची शक्ती क्षणाक्षणाला नोंदवतात. शक्ती तापमानाच्या चौथ्या घातात बदलते, म्हणून शक्तीत 5 टक्के चूक झाली तरी तापमानात ती सव्वा टक्क्याच्या आसपासच राहते. मात्र प्लाझ्मा (तापून विद्युतभारित झालेला वायू) पसरून तोंड आकसत जातं, आणि दिसणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ धरण्यात गफलत होते.

मग घ्यायचं काय? तोटा शोधायचा असेल तर पहिली वाट. समजा 100 पैकी 5 भाग परतले आणि मापात पाचव्या हिश्श्याची चूक आहे. तरी आत राहिलेली ऊर्जा 94 ते 96 भागांतच बसते. उलट बाजूने, क्ष-किरणांतल्या 5 टक्के चुकीत तो सगळा तोटा बुडून जाईल. लेसर ऊर्जेतून क्ष-किरणांची ऊर्जा वजा करून उरलेल्या आकड्याला 'तोटा' म्हणण्याची सवय मला म्हणूनच खटकते. त्यात दोन्ही उपकरणांच्या चुकाही जमा झालेल्या असतात.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ओमेगा लेसरवरच्या थेट माऱ्याच्या प्रयोगांसारखं काही करणार असाल, तर प्रश्नच मिटतो. तिथे नळकांडं नाही. 60 किरण सरळ गोळीवर पडतात, आणि प्रकाश सगळ्या दिशांना उडतो, म्हणून कॅलरीमीटर कक्षाभोवती विखरून लावा.