डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत?

सांगलीच्या मार्केट यार्डात मेहुण्याची बेदाण्याची पेढी आहे. वेबसाईट काढायचं ठरलं आणि गाडी अडली ती नावाच्या शेपटावर.

डॉट कॉम १९८५ पासूनचं. गिऱ्हाईक काहीही विचार न करता तेच टाइप करतं, हा त्याचा मोठा फायदा. पण छोटं, सुटसुटीत नाव मोकळं मिळणं मुश्कील. मग ट्रेडर्स, ऑनलाईन, सांगली अशी ठिगळं लागतात. वर 'बेदाणा' रोमनमध्ये लिहिताना 'डी'नंतर ए एक की दोन, हे गुजरातच्या व्यापाऱ्याला फोनवर समजावून सांगा बघू!

डॉट इनचा कारभार निक्सी ही भारतातली संस्था पाहते. २००५ पासून ते सर्रास सगळ्यांना घेता येतं. हवं ते नाव इथं मिळायची शक्यता जास्त, आणि कुणी तुमच्या नावावर डल्ला मारलाच तर तक्रार इथल्याच लवादापुढे चालते. माल परदेशी जात नसेल तर मी डोळे झाकून हेच घेईन.

डॉट भारत देवनागरीत २०१४ साली आलं. पाटीवर झकास दिसतं. मात्र आतून त्याचं रोमन रूप 'एक्सएन'ने सुरू होणारं, वाचताही न येणारं असतं, आणि लिंक कॉपी केली की कधी कधी तेच समोर येतं. या नावाचा मेल पत्ता अनेक फॉर्म नाकारतात. शिवाय 'न' की 'ण' हा घोळ आलाच: 'बेदाना' टाइप करणारा तुमच्याकडे पोहोचणार नाही.

दर बघताना पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. त्यावर जीएसटी वेगळा. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरता येतात.

शेपूट कुठलंही घ्या, खातं स्वतःच्या मेलवर आणि मोबाईलवरच उघडा. आमच्या हळदीच्या दुकानाचं नाव वेबसाईट करणाऱ्या पोरानं स्वतःच्या मेलवर घेतलं होतं. पुढं तो पुण्याला गेला, मुदत संपल्याचे निरोप त्यालाच जात राहिले आणि ऐन सीझनमध्ये साईट बंद. नाव सुटायच्या आत तो फोनवर सापडला म्हणून वाचलो.

मेहुण्यानं डॉट इन घेतलं, तीन वर्षांचे पैसे भरून. पाटीवर मात्र हौसेनं डॉट भारत रंगवलंय; ते टाइप केलं की डॉट इनच उघडतं.