जुन्या वेलींची पांढरी वाइन: स्वार्टलँडची शेनिन घ्यावी की सँटोरिनीची असिर्टिको?

नाशिकची शेनिन ब्लांक आवडीने पिणाऱ्याला कधीतरी जुन्या वेलींच्या पांढऱ्या वाइनवर थोडे अधिक पैसे खर्च करावेसे वाटले, तर दोन नावांचा विचार आधी करावा: दक्षिण आफ्रिकेतील स्वार्टलँडची शेनिन ब्लांक आणि ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरील असिर्टिको. दोन्ही नावे मुळात द्राक्षाच्या जातींची. दोन्ही ड्राय, म्हणजे गोडवा नसलेल्या आहेत, दोन्ही उन्हाच्या आणि कमी पावसाच्या प्रदेशांत तयार होतात आणि दोन्हींची विक्री वेलींच्या वयाच्या बळावर होते. तरीही एकीच्या जागी दुसरी चालून जाईल, असे मात्र नाही.

दक्षिण आफ्रिकेत शेनिनला ‘स्टीन’ म्हणत आणि तिला फारशी प्रतिष्ठा नव्हती. १९५९ साली आलेली लिबरस्टाइन ही स्वस्त, अर्धगोड वाइन १९६४ मध्ये ३.१ कोटी लिटर खपली आणि बाटलीबंद वाइनमध्ये जगात पहिली ठरली. अशा वाइनसाठी आणि ब्रँडीसाठी लागणारे द्राक्ष म्हणून शेनिनची लागवड वाढत गेली. पुढे आवडीनिवडी बदलल्या. सहकारी वाइनऱ्या पैसे मोजत ते वजनावर, आणि वेल म्हातारी झाली की एकरी उतारा घटतो. त्यामुळे जुनी बाग राखणारा शेतकरी तोट्यातच जाई आणि बागा उपटल्या जात. द्राक्षतज्ज्ञ रोझा क्रूगर यांनी २००२ पासून अशा बागा शोधून त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली, त्या कामातून २०१६ साली ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’ उभा राहिला आणि २०१८ पासून ‘सर्टिफाइड हेरिटेज व्हिनयार्ड्स’चे सील बाटलीवर दिसू लागले. हे सील किमान ३५ वर्षांच्या बागेलाच मिळते आणि त्यावर बाग लावल्याचे वर्ष छापलेले असते. ‘जुन्या वेली’ या शब्दांना बहुतेक देशांत कायद्याची व्याख्या नसल्यामुळे ही छोटी नोंद ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

सँटोरिनीचा जुनेपणा निराळ्या जातीचा आहे. एकोणिसाव्या शतकात मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या आणि तेव्हापासून तिथे या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर कलम केल्याशिवाय सहसा वेल लावत नाहीत. सँटोरिनीची जमीन सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकातील राख आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाची आहे. तिच्यात चिकणमाती जवळजवळ नाही, म्हणून ही कीड तिथे तग धरू शकत नाही आणि असिर्टिको आजही कलमाविना स्वतःच्या मुळांवर उभी आहे. उभी म्हणणेही तसे चूक, कारण मांडव किंवा तारा असा प्रकारच तिथे नसतो. छाटणीच्या वेळी काड्या गोल गुंडाळत जमिनीलगत टोपली विणली जाते, घड तिच्या आतल्या बाजूला धरतात आणि सोसाट्याचा वारा व त्याबरोबर उडणारी वाळू बाहेरच्या बाहेर अडते. समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचा ओलावा हाच उन्हाळ्यातला मोठा आधार असतो. काही दशकांनी टोपली थकली की ती मुळाजवळ कापतात आणि त्याच मुळातून नवी वेल धरतात. साहजिकच वर दिसणाऱ्या खोडाचे वय आणि मुळाचे वय यांत मोठे अंतर पडते. मुळे काही शतकांची असल्याचे सांगितले जाते. ते अशक्य नाही, पण लागवडीचे वर्ष सांगणारे आफ्रिकेसारखे सील इथल्या बाटलीवर मिळत नाही.

चवीत फरक स्पष्ट आहे. असिर्टिकोचा आंबटपणा धारदार असतो, उष्ण हवेतही तो टिकून राहतो, आणि लिंबाच्या सालीच्या जोडीला एक खारट, दगडी छटा येते. फळांचा मधुर गंध शोधणाऱ्याची इथे निराशा होईल. अल्कोहोलही कमी नसते, १४ टक्क्यांच्या आसपास सहज जाते. स्वार्टलँडच्या जुन्या शेनिनमध्ये आंबटपणा ताजा असला तरी त्याच्या भोवती पेअर, सफरचंद आणि किंचित मधासारखा भरीवपणा असतो. जुन्या लाकडी पिंपांत आंबवलेली असेल तर तो अधिक जाणवतो. नाशिकची शेनिन पिणाऱ्याला यात ओळखीचे काहीतरी सापडते. मात्र जुन्या वेलींच्या बाबतीत नाशिकशी तुलना करता येत नाही, कारण तिथल्या सुला या वाइनरीची पहिली शेनिनच २००० साली बाजारात आली.

माझे मत असे की केवळ वेलींच्या वयासाठी पैसे मोजायचे असतील तर सील असलेली शेनिन घ्यावी. वय तिथे छापील मिळते आणि त्या मानाने किंमतही बेताची असते. दक्षिण आफ्रिकेतच स्टेलेनबॉशजवळ १९०५ साली लावलेल्या बागेतून वाइननिर्माते एबेन सेडी यांची ‘मेव्हराउ कर्स्टन’ येते, पण तिची किंमत आणि दुर्मीळता पाहता पहिल्या खरेदीसाठी ती सुचवणे अव्यवहार्य ठरेल. तरतरीत, जिभेला जाग आणणारी वाइनच हवी असेल, तर असिर्टिकोला पर्याय नाही. पर्यटनाच्या दबावाखाली बेटावरच्या बागा आक्रसत असल्याने ती महाग पडते, एवढे गृहीत धरावे. बाटलीवर ‘निक्तेरी’ लिहिले असल्यास ती लाकडी पिंपात ठेवलेली, अधिक जड शैलीची असते, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याने ती टाळावी.

जेवणाचा विचार केल्यास तळलेले बोंबील, रवा लावलेली सुरमई किंवा लिंबू पिळलेल्या तिसऱ्या यांच्याबरोबर मी असिर्टिको निवडेन. नारळाच्या रसातले कालवण असेल तर शेनिन अधिक शोभते, कारण नारळाच्या गोडसरपणापुढे असिर्टिकोची धार बोचरी वाटू लागते. लाल तिखटाच्या झणझणीत रश्श्यापुढे दोन्ही व्यर्थ आहेत. भारतात आयात शुल्कामुळे दोन्हींच्या किमती बऱ्याच चढतात, त्यामुळे परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला बाटली आणायला सांगणे परवडते. उघडण्यापूर्वी बाटली बर्फासारखी गार करू नये. १० ते १२ अंश सेल्सिअस पुरेसे आहे, आणि शेनिनला त्याहून एखादा अंश जास्त चालतो.