नाडीचा फुटबॉल आणि सोबतचं सूटरचं पत्रक: घ्यावं का?

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला खेळाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात चामड्याचा नाडीवाला फुटबॉल मिळतो. पाच नंबरचा, तपकिरी, हाताने शिवलेला. खोक्यात रबरी ब्लॅडर (आतला फुगा), कातडी नाडी, ती ओवायचा हुक आणि 'पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू' म्हणवला जाणारा जुना स्कॉटिश खेळाडू फर्गस सूटर याच्यावरचं चार पानी पत्रक. किंमत सामन्याच्या चांगल्या बॉलच्या जवळपास दुप्पट. बॉल पैसे वसूल करतो, पत्रकावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

आधी बॉल. मेण लावलेल्या जाड दोऱ्याची शिवण घट्ट आहे. अंगठ्यांनी दोन पट्ट्या ताणल्या तरी टाक्यांत फट दिसत नाही. खोक्यावर '१८८० सालचा बॉल' असं छापलंय, ते मात्र चूक. तीन-तीन पट्ट्यांचे सहा गट, म्हणजे अठरा पट्ट्यांची ही रचना विसाव्या शतकातली. सूटरच्या काळातले बॉल साधारणपणे उभ्या पाकळ्या जोडून शिवलेले असत आणि त्यांची टोकं झाकायला दोन्ही बाजूंना गोल ठिगळ असे. घेराचा नियम तेव्हाही होता: १८७२ पासून २७ ते २८ इंच, म्हणजे साधारण ६८.५ ते ७१ सेंटीमीटर. हा बॉल त्यात बसतो.

हवा भरण्यातच बहुतेकांचं बिनसतं. याला सुईचा व्हॉल्व्ह नाही. ब्लॅडर चपटा करून नाडीखालच्या चिरेतून आत सरकवायचा आणि त्याची नळी बाहेर ठेवायची. थोडी हवा भरून बॉल चहूबाजूंनी दाबायचा, म्हणजे ब्लॅडरच्या घड्या सुटतात. मग पूर्ण हवा भरून नळी दुमडायची, दोऱ्याने करकचून बांधायची आणि चिरेखाली आडवी दाबायची. तिच्यावर चामड्याची जीभ सपाट बसली पाहिजे. ती मुडपली, तर नाडी आवळताना ब्लॅडर चिमटतो आणि पहिल्याच खेळात फुटतो. नळी उभी राहिली तर तिथे टेंगूळ येतं आणि बॉल जमिनीवर वाकडा उडतो. नाडी भोकांतून दोन्ही बाजूंनी सारख्या ताणाने ओवायची आणि उरलेलं टोक हुकाने आत खुपसायचं. बाहेर राहिलेली गाठ हेडर मारणाऱ्याच्या कपाळाला लागते. अंगठ्याने जोर लावल्यावर चामडं जरासं दबलं पाहिजे. दगडासारखा टणक होईपर्यंत हवा भरली की पट्ट्या ताणतात आणि बॉल अंडाकृती होतो. एकदा झाला की परत गोल होत नाही.

आता पत्रक. सूटर 'पार्टिक थिसल'चा, असं त्यात म्हटलंय. तो पार्टिक नावाच्या वेगळ्याच क्लबचा. थिसलशी त्याचा संबंध जोडणं ही नेहमीची गफलत. जन्म १८५७, ग्लासगो, धंदा पाथरवटाचा. १८७८ च्या अखेरीस तो लँकेशायरमधल्या डार्वेनला आला. त्याच ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली होती आणि तिकडची बांधकामं बसली होती, हे पत्रकात यायला हवं होतं. डार्वेनमध्ये त्याने लवकरच छिन्नी-हातोडा ठेवला. इंग्लंडचा दगड फार कठीण, हात सुजतात, असं कारण दिलं. मग पोट कशावर भरत होतं, हे गावाला न सांगता कळत होतं.

'१८७८ मध्ये अधिकृत व्यावसायिक' ही पत्रकाची दुसरी चूक. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली ती जुलै १८८५ मध्ये. स्कॉटलंडने तर १८९३ मध्ये. तोवर सगळं टेबलाखालून. 'पहिला व्यावसायिक' हे बिरुदही वादाचं आहे, कारण जेम्स लँग हा दुसरा स्कॉटिश खेळाडू १८७६ मध्येच इंग्लंडमध्ये शेफिल्डला खेळायला गेला होता आणि चाकूच्या कारखान्यातली त्याची नोकरी नावापुरतीच होती.

सामन्यांची माहिती मात्र पत्रकात नीट आहे. १८७९ च्या एफए कपात, म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, डार्वेनने ओल्ड इटोनियन्सविरुद्ध १-५ अशा पिछाडीवरून ५-५ बरोबरी साधली, पुढचा सामना २-२ झाला आणि तिसरा ते २-६ हरले. तिन्ही सामने लंडनमध्ये, भाड्यासाठी गावात वर्गणी. १८८० मध्ये सूटर ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. अंतर म्हणाल तर ठाणे ते भांडुप, पण डार्वेनकरांना ते जिव्हारी लागलं. रोव्हर्सबरोबर १८८२ ची फायनल हरला, मग १८८४, १८८५, १८८६ असे सलग तीन कप जिंकला. फुटबॉल लीग सुरू झाली १८८८ मध्ये, तोवर त्याचे दिवस सरले होते. लीगमध्ये एकच सामना, तोही बॅक, म्हणजे बचावपटू, असून गोलकीपर म्हणून. स्कॉटलंडकडून तो कधीच खेळला नाही, त्यामुळे पत्रकातलं 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' खोडून टाका.

घोडबंदर रोडच्या टर्फवर हा बॉल नेऊ नका. कृत्रिम गवतातली वाळू आणि रबराचे दाणे चामडं खरवडतात, आधी टाके झिजतात. मातीचं मैदान उत्तम. पावसात खेळायचं तर खेळा, पण चामडं पाणी पितं, बॉल जड होतो, तेव्हा लहान मुलांना हेडर मारू देऊ नका. खेळ झाल्यावर चिखल ओल्या फडक्याने पुसा, थोडी हवा कमी करा आणि सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं तर चामडं कडक होऊन शिवणीजवळ तडकतं. पूर्ण वाळल्यावर मेण-तेलाचं चामड्याचं मलम शिवणीवर बोटाने चोळा, पण पातळ थर. खोबरेल लावायचा मोह होतो. त्याने चामडं लिबलिबीत होतं आणि वासही येतो. जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटात ठेवला की हिरवट बुरशी ठरलेली, म्हणून कापडी पिशवीत घालून टांगून ठेवा.

शाळेच्या क्रीडादिनाला, जुन्या पद्धतीच्या खेळासाठी किंवा क्लबच्या कपाटात ठेवायला बॉल जरूर घ्या. रोजच्या सरावाला नको. घेताना जादा ब्लॅडर त्याच दुकानातून मागून घ्या आणि नळीची लांबी तिथेच जुळवून बघा. आखूड नळी चिरेपर्यंत पोचत नाही आणि मग बांधताच येत नाही.