बॅटरी बदलायची की नवा फोन घ्यायचा?

मावशीचा 4 वर्षांचा फोन हल्ली अडखळतो. बॅटरी बदलू की दहा हजारांचा नवा घेऊ, असं ती विचारत होती.

खर्चात तुलनाच नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनची बॅटरी दोन-तीन हजारांत बदलून मिळते.

वेगाचं मात्र नीट तपासायला हवं. थकलेल्या बॅटरीला एकदम जास्त वीज पुरवता येत नाही. म्हणूनच जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग आपण कमी करतो, हे अ‍ॅपलने 2017 मध्ये मान्य केलं होतं. अशा फोनला नवी बॅटरी मिळाली की वेग परत येतो. पण स्टोरेज गच्च भरलं असेल किंवा रॅम अपुरी असेल, तर बॅटरी बदलून काही होणार नाही. आणि स्वस्त नव्या फोनमध्ये बरेचदा ईएमएमसी हे जुन्या प्रकारचं स्टोरेज असतं. ते यूएफएस या नव्या प्रकारच्या स्टोरेजपेक्षा हळू. तेव्हा जुना चांगला फोन नव्या स्वस्त फोनपेक्षा चपळ असू शकतो!

टिकण्याचं म्हणाल, तर लिथियम-आयन बॅटरी साधारण 500 पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांवर येते, म्हणजे दोन-तीन वर्षं. खरी मर्यादा सिक्युरिटी अपडेटची. गूगलचा पिक्सेल 8, सॅमसंगचा गॅलेक्सी एस24 अशा महागड्या फोनना ती 7 वर्षं मिळतात, स्वस्त फोनना बरीच कमी.

नव्या फोनवर बँकेची अ‍ॅप, यूपीआय पुन्हा सुरू करण्याचा व्याप असतोच.

अपडेट येत असतील आणि चार्जिंग टिकत नसेल, तर बॅटरी बदला. अपडेट थांबलेत आणि फोनवर बँकेचे व्यवहार होतात, तर नवाच घ्या.