पिस्तूल काढायचंय, पण कोणत्या गेममध्ये?

भाचा सुट्टीत आमच्याकडे नागपुरात प्रतापनगरला आलाय. परवा म्हणाला, "मामा, घोडे-बिडे नंतर पाहू. दोघं समोरासमोर उभे राहून पिस्तूल काढतात, तो गेम घ्यायचाय. एकाचेच पैसे आहेत. कोणता घेऊ ते सांग न." त्याच्याकडे जुना लॅपटॉप, 8 जीबी रॅम, कंट्रोलर (दोन्ही हातांत धरून खेळायचं बटणांचं यंत्र) नाही. काउबॉयच्या काळातले असे तीन गेम माझ्याकडे आहेत आणि तिन्हींत मी पोत्याने मेलोय, म्हणून हा सल्ला.

'रेड डेड रिडेम्प्शन 2' (2018, पीसीवर 2019) दिसायला राजा आहे. पण नुसत्या द्वंद्वासाठी तो घेणं म्हणजे तर्री पोह्यांसाठी अख्खं लग्न लावणं. पीसीवर दीडशे जीबी जागा खातो, आणि असे सामने कथेत मोजकेच येतात. मात्र जे येतात, त्यांचं तंत्र तिघांत सगळ्यात नाजूक आहे. कंट्रोलरचा ट्रिगर अर्धवट दाबून धरायचा, म्हणजे पडद्यावरचा मीटर हळूहळू भरतो. घाईने पूर्ण दाबलात की पिस्तूल आधीच बाहेर येतं, आणि मग नेम धरायला 'डेड आय'चा, म्हणजे सगळं संथ होतं तो, वेळ फारच थोडा उरतो. मीटर भरू दिला तर वेळ इतका मिळतो, की समोरच्याच्या हातातलं पिस्तूल उडवता येतं. हे अर्धं दाबणं कंट्रोलरच्या ट्रिगरसाठीच बनवलंय. माऊसनेही जमतं, पण माऊसचं बटण एकतर दाबलेलं असतं नाहीतर सोडलेलं, त्यामुळे ती मजा अर्धीच.

पहिला 'रेड डेड रिडेम्प्शन' 2010चा, पण पीसीवर यायला 2024 उजाडलं. जागा 12 जीबी. इथे रस्त्याने जाता जाता कुणीतरी आव्हान देतं, म्हणून सामने जास्त. पिस्तूल काढलं की वेळ संथ होतो आणि समोरच्याच्या अंगावर नेमाचं चिन्ह फिरवून खुणा करायच्या असतात. चिन्ह पांढरं असताना केलेली खूण भारी, लाल असताना केलेली हलकी. आम्ही पहिले चार-पाच सामने याच एका गोष्टीवर हरलो, कारण धडाधड बटण दाबत सुटलो. मोजक्याच खुणा करा, पण पांढऱ्यावर. आणि दया आली तर पिस्तूल धरलेल्या हातावर नेम धरा. माणूस वाचतो आणि तुमचा मानही वाढतो.

आता 'कॉल ऑफ हुआरेझ: गनस्लिंगर'. 2013चा, पोलंडच्या टेकलँड कंपनीचा. जागा साधारण 5 जीबी, जुन्या लॅपटॉपवर पळतो. कथा सायलस ग्रीव्ह्ज नावाचा म्हातारा गुत्त्यात बसून रंगवून सांगतो, आणि मध्येच थाप बदलली की समोरचा देखावाही बदलतो. आपल्या पानठेल्यावर असा एक तरी सापडतोच. द्वंद्व मात्र इथे खरोखर दोन हातांचं काम आहे. माऊसने समोरच्यावरचं वर्तुळ धरून ठेवायचं, त्याने एकाग्रता वाढते. त्याच वेळी दुसऱ्या हाताने कीबोर्डवरून पडद्यावरच्या आपल्या माणसाची बोटं पिस्तुलाच्या म्यानाजवळ ठेवायची, त्याने वेग. एकाकडे पाहिलं की दुसरं निसटतं. माझी युक्ती साधी: नजर वर्तुळावरच ठेवा आणि हाताला मोठे हिसके न देता टिचक्या-टिचक्यांनी सांभाळा. समोरच्याआधी पिस्तूल काढून जिंकता येतं, पण त्याला अप्रतिष्ठा म्हणतात आणि गुण कमी मिळतात. तो काढेपर्यंत थांबलात तर इभ्रत राहते. द्वंद्वांचा वेगळा विभागही आहे, म्हणजे कथा बाजूला ठेवून फक्त हेच खेळता येतं.

भाच्याचं म्हणणं, "मामा, खरे लोकं तर झटक्यात काढायचे ना?" नाही बाप्पा. 21 जुलै 1865 ला मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात नावाजलेला पिस्तूलबाज वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट समोरासमोर आले, तेही एका घड्याळावरून. अंतर सुमारे 75 यार्ड. एवढ्या लांबून हात किती चपळ यापेक्षा नेम किती स्थिर हे महत्त्वाचं. टटची गोळी चुकली, हिकॉकची लागली.

म्हणून भाच्याला 'गनस्लिंगर' घ्यायला लावला. एक अडचण नागपूरचीच आहे. दुपारी पारा 45 वर, कूलर दमट हवा फेकतोय, माऊसवर तळहात घसरतो आणि वर्तुळ हललं की मेलाच. मांडीवर पंचा ठेवून खेळतो बिचारा. काल ऐन सामन्यात लाईन गेली; लॅपटॉप चालू राहिला पण कूलर बंद पडला, आणि तोही हरला.

'रेड डेड 2'च हवा असेल आणि सीताबर्डीतून कंट्रोलर आणणार असाल, तर दुकानातच ट्रिगर हळू दाबून बघा. स्वस्तातल्यांत तो कधी नुसता टक् करतो, मधली जागाच नसते.